दोन जुन्या ३.५ इंची हार्डडिस्कसाठी घरच्या घरी एन्क्लोजर कसे बनवावे?

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या डेस्कटॉपमधून निघालेल्या ४ टीबीच्या दोन ३.५ इंची साटा (डिस्क जोडण्याची प्रचलित पद्धत) हार्डडिस्क आहेत. त्या यूएसबीने लॅपटॉपला जोडायच्या आहेत. बाजारातल्या प्लास्टिकच्या डब्यात डिस्क उन्हाळ्यात फार तापते, म्हणून पंख्यासकट स्वतःचा डबा बनवायचा आहे. कोणते भाग घ्यावेत, कसे जोडावेत आणि डेटाला धोका कुठे आहे?

डिस्क एकच असेल आणि ती महिन्यातून दोनदा चालू करायची असेल, तर ॲल्युमिनियमचा तयार डबा घ्या. तेवढ्यासाठी हा खटाटोप परवडत नाही. पण दोन डिस्क, तासन्‌तास चालणारे कॉपीचे काम आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणारी खोली, हे तिन्ही एकत्र आले की घरचा डबा नक्कीच सरस ठरतो. स्वस्त तयार डब्यात दोनच गोष्टी मारल्या जातात, हवेची वाट आणि ॲडाप्टरची ताकद. नेमक्या त्या दोन्ही घरी मनासारख्या करता येतात.

बहुतेक जण सुरुवात खोक्यापासून करतात. तुम्ही उलट क्रमाने जा. सगळी जोडणी आधी टेबलावर मांडा, दोन दिवस चालवून बघा आणि मगच पत्रा कापायला घ्या. खोके वाकडे झाले तर दुसरे करता येते. ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले तर डिस्कचा बोर्ड त्याच क्षणी जातो.

म्हणून पहिला हिशेब विजेचा. ३.५ इंची डिस्कला दोन दाब लागतात: मोटरसाठी १२ व्होल्ट, इलेक्ट्रॉनिक्ससाठी ५ व्होल्ट. (२.५ इंची लॅपटॉपची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, म्हणून तिला वेगळा ॲडाप्टर लागत नाही.) ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) डिस्क स्थिर फिरत असताना ६ ते ८ वॅट घेते, पण थांबलेल्या स्थितीतून फिरायला लागताना पहिले काही सेकंद १२ व्होल्टवर दीड ते दोन ॲम्पिअर ओढते. ५ व्होल्टची गरज ०.७ ॲम्पिअरच्या आसपास धरा. दोन्ही डिस्क एकदम सुरू झाल्या तर १२ व्होल्टवर ४ ॲम्पिअर, ५ व्होल्ट तयार करण्यासाठी आणखी साधारण ०.६५ आणि पंख्याचे ०.१५, म्हणजे ४.८ ॲम्पिअर. म्हणून १२ व्होल्ट ६ ॲम्पिअरचा ॲडाप्टर घ्या. ‘डिस्क मी एकेक करून चालू करीन’ हा हिशेब भारनियमनाच्या दिवशी फसतो. वीज परत येते तेव्हा दोन्ही एकाच वेळी सुरू होतात.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी विकले जाणारे ॲडाप्टर सहज मिळतात, मात्र त्यांच्यावर छापलेल्या ॲम्पिअरवर विसंबू नका. बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या, आणि आणल्यावर तपासा. तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. दुचाकीच्या किंवा गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे बल्ब आणा. एक बल्ब पावणेदोन ॲम्पिअर घेतो, तीन समांतर जोडले की सव्वापाच. ते एकदम जोडू नका. थंड तारेचा बल्ब पहिल्या क्षणी कितीतरी जास्त प्रवाह ओढतो आणि चांगला ॲडाप्टरसुद्धा स्वतःला बंद करून घेतो. एक पेटला की दुसरा, मग तिसरा. तिन्ही पेटलेले असताना मल्टिमीटरवर ११.७ किंवा त्याहून जास्त व्होल्ट दिसले पाहिजेत आणि अर्ध्या तासानंतरही तेच दिसले पाहिजेत. आकडा ११.४ च्या खाली गेला तर तो ॲडाप्टर दुसऱ्या कामाला ठेवा. बल्ब चटका बसेल इतके तापतात, तेव्हा ते फरशीवर ठेवून करा.

एलईडी पट्ट्यांसाठी जाळीच्या पत्र्यातला उघडा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मिळतो, तो डब्याच्या आत बसवण्याचा मोह होतो. बसवू नका. त्याच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट उघडे असतात, शेजारी धातूची चौकट, आणि घरात लहान मुले. ॲडाप्टर बाहेर आणि डब्यात फक्त १२ व्होल्ट, ही रचना मोडू नये.

ॲडाप्टर तीन पिनांचा आणि सॉकेटला खरे अर्थिंग असलेले हवे. दोन पिनांच्या ॲडाप्टरमध्ये आतल्या कपॅसिटरमधून सूक्ष्म गळती होते आणि धातूच्या चौकटीला हात लावला की झिणझिण्या येतात. माणसाला त्याने अपाय होत नाही, पण यूएसबीची तार जोडताना तीच ठिणगी पोर्टवर पडते.

आता जॅक. ५.५ मिलिमीटरचा गोल जॅक २.१ आणि २.५ अशा दोन आतल्या मापांत येतो आणि हाताला दोन्ही सारखेच लागतात. २.१ चे भोक असलेला प्लग २.५ ची पिन असलेल्या जॅकमध्ये जातच नाही, तर २.१ ची पिन असलेल्या जॅकमध्ये २.५ चे भोक असलेला प्लग ढिला राहून मधूनमधून सुटतो, अशी गफलत नेहमीची. त्याहून वाईट म्हणजे काही लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या ॲडाप्टरला अगदी असाच प्लग असतो. अंधारात हात चुकला की १९ व्होल्ट आत जातात. शिवाय स्वस्त जॅक दोन-तीन ॲम्पिअरच्या पुढे तापतो. म्हणून ॲडाप्टरचा गोल प्लग कापून टाका आणि एक्सटी ३० किंवा एक्सटी ६० या कनेक्टरची जोडी लावा. ड्रोन आणि रोबोटचे भाग विकणाऱ्या दुकानांत ती मिळते, उलटी बसत नाही आणि घरातला दुसरा कुठलाच ॲडाप्टर तिच्यात शिरत नाही. मादी भाग ॲडाप्टरच्या तारेला लावा, म्हणजे उघड्या टोकाला वीज राहणार नाही. तारेला डाग दिल्यावर उष्णतेने आवळणारी इन्सुलेशनची नळी चढवा आणि ध्रुव मल्टिमीटरने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे साटाचे यूएसबीत रूपांतर करणारा ब्रिज बोर्ड. एएसमीडियाची एएसएम ११५३ई किंवा एएसएम २३५सीएम, जेमायक्रॉनची जेएमएस ५७८, या चिपा ओळखीच्या आहेत आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे चालतात. हार्डडिस्कसाठी ५ गिगाबिटचा यूएसबी ३ पुरेसा होतो. त्यातून प्रत्यक्षात ४०० एमबी प्रतिसेकंदाच्या आसपास मिळतात आणि फिरणारी डिस्क दीडशे ते अडीचशेच्या पुढे जात नाही. १० गिगाबिटचा बोर्ड घेऊन इथे काहीच वेगवान होणार नाही. तेच पैसे ॲडाप्टरवर घाला.

दोन साटा जोडण्या असलेला एकच बोर्ड मिळतो आणि त्यावर रेडचे (दोन डिस्क एकत्र बांधून एकच म्हणून वापरण्याच्या पद्धतीचे) खटके असतात. माझे मत स्पष्ट आहे: एकेका डिस्कला स्वतंत्र बोर्ड घ्या. चिपने बनवलेल्या रेडची मांडणी त्या चिपच्या पद्धतीची असते. बोर्ड जळाला की डिस्क धडधाकट असूनही डेटा वाचायला तोच बोर्ड शोधत फिरावे लागते. स्वतंत्र बोर्ड असले की डिस्क काढून कुठल्याही पीसीला लावता येते. मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा, हवाच असेल तर तो ऑपरेटिंग सिस्टिममधून करा. मात्र एका ॲडाप्टरवर, एका डब्यात असलेल्या दोन डिस्कना बॅकअप समजू नका. विजेचा एक झटका दोन्ही नेतो.

३.५ इंची डिस्कसाठीचा बोर्ड १२ व्होल्ट घेतो आणि ५ व्होल्ट स्वतः बनवतो, निदान बनवायला हवेत. काही स्वस्त बोर्ड १२ व्होल्ट नुसते पुढे सरकवतात आणि ५ व्होल्ट यूएसबी पोर्टमधून घेतात. यूएसबी ३ चा पोर्ट नियमाने ९०० मिलिॲम्पिअर देतो, जुना यूएसबी २ चा ५००. बोर्डाची स्वतःची भूक त्यात धरली की हे काठावरचे गणित होते आणि मोठी फाइल कॉपी करताना डिस्क अचानक गायब होते. ओळखायचे कसे? डीसी जॅकच्या शेजारी ४आर७ किंवा १०० असे छापलेला चौकोनी इंडक्टर दिसला तर ५ व्होल्टचा कन्व्हर्टर बोर्डावरच आहे असे बहुतेक वेळा समजावे. खात्रीसाठी पुढे सांगितलेली चाचणी करा.

बोर्डावर तशी सोय नसेल तर वेगळा बक कन्व्हर्टर (१२ व्होल्टचे ५ करणारे मॉड्यूल) लावता येतो. एलएम २५९६ चे मॉड्यूल ३ ॲम्पिअरचे म्हणून विकतात, त्याच्याकडून २ ची अपेक्षा ठेवा. एका डिस्कला एक. या मॉड्यूलवर दाब बदलणारा छोटा स्क्रू असतो आणि नवीन मॉड्यूल कितीही व्होल्टवर सेट केलेले येऊ शकते. डिस्क जोडण्याआधी १२ व्होल्ट देऊन बाहेरचा दाब ५.०५ वर आणा, मग स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका म्हणजे तो हलणार नाही. डिस्कला ४.७५ ते ५.२५ एवढीच मोकळीक आहे. मॉड्यूलच्या आधी प्रत्येक डिस्कसाठी ३ ॲम्पिअरचा स्लो ब्लो काचेचा फ्यूज घाला. डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावर ५ आणि १२ व्होल्टच्या रेषांवर टीव्हीएस डायोड असतात. दाब चढला की ते शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतात, पण प्रवाह तोडणारे कोणीतरी मागे हवे. ते काम फ्यूज करतो.

तारा १२ व्होल्टसाठी ०.७५ स्क्वेअर एमएमच्या, तांब्याच्या. साटा पॉवरचे कनेक्टर घेताना पांढऱ्या-काळ्या प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेले, मोलेक्सपासून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरपासून) साटा करणारे स्वस्त कनेक्टर टाळा. ओतताना आतल्या तारा सरकून १२ आणि ग्राउंड जवळ येतात आणि काही महिन्यांनी ते वितळतात. मागचे झाकण उघडून तारा दाबून बसवलेल्या दिसतात, ते कनेक्टर चांगले.

दोन बोर्ड, ॲडाप्टर, कनेक्टर, २२ पिनांच्या १५ सेंटीमीटरच्या दोन साटा एक्स्टेन्शन तारा, ९२ मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि दोन रॉकर स्विच, एवढे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत एका फेरीत मिळते. एक्स्टेन्शन तार २० सेंटीमीटरपेक्षा लांब घेऊ नका. जोड आणि लांबी वाढली की डेटाच्या चुका वाढतात.

टेबलावरची चाचणी या क्रमाने करा. ॲडाप्टरचे १२ व्होल्ट दोन स्विचमध्ये वाटा आणि प्रत्येक स्विचमधून एकेका बोर्डाला द्या. डिस्क न लावता बोर्ड लॅपटॉपला जोडा आणि एक्स्टेन्शनच्या टोकाशी दाब मोजा. साटा पॉवरच्या १५ पिना डेटाच्या बाजूकडून मोजायच्या: १ ते ३ वर ३.३ व्होल्ट (यूएसबी बोर्डांवर बहुधा रिकाम्या), ४ ते ६ ग्राउंड, ७ ते ९ वर ५ व्होल्ट, १० आणि १२ ग्राउंड (मधली ११ संकेतासाठी), १३ ते १५ वर १२ व्होल्ट. मल्टिमीटरची टोके जाड असतात आणि दोन पिना एकदम टेकतात, म्हणून टोकाला बारीक सुई बांधा. ७ ते ९ वर ५ व्होल्ट दिसत असताना १२ व्होल्टचा स्विच बंद करून बघा. ५ व्होल्ट तसेच राहिले तर ते यूएसबीतून येत आहेत. वेगळा बक कन्व्हर्टर लावल्याशिवाय त्या बोर्डावर ३.५ इंची डिस्क चालवू नका.

मग पहिली डिस्क लावताना चांगली लावू नका. १६० किंवा २५० जीबीची, टाकाऊ पण फिरणारी एखादी डिस्क दुरुस्तीच्या दुकानात मिळते. ती तासभर व्यवस्थित चालली की खऱ्या डिस्क लावा. दोन्ही एकदम सुरू करून १२ व्होल्टच्या रेषेवर नजर ठेवा. मल्टिमीटरला किमान-कमाल नोंदवण्याची सोय असेल तर ती वापरा. सुरू होतानाही ११.४ च्या खाली जायला नको.

या टप्प्यावर विंडोजने ‘डिस्क इनिशियलाइझ करायची का?’ असे विचारले तर हात आवरा. आत जुना डेटा असेल तर ‘नाही’ म्हणा. याची दोन कारणे असू शकतात. पहिले, बोर्ड जुन्या चिपचा आहे आणि त्याला ३२ बिटांच्या पलीकडचे सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे) मोजता येत नाहीत. अशा वेळी ४ टीबीची डिस्क १६७८ जीबीची दिसते आणि ३ टीबीची ७४६ जीबीची. हे आकडे दिसले की बोर्ड बदलायचा, डिस्कला काही झालेले नाही. दुसरे, काही बोर्ड २ टीबीच्या वरच्या डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर एकत्र करून ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. जुन्या विंडोजसाठी केलेली ती सोय होती. पण पीसीमध्ये ५१२ च्या हिशेबाने बनवलेली पार्टिशन मग जागेवर सापडत नाही. उलटही होते: अशा बोर्डावर फॉरमॅट केलेली डिस्क पीसीला थेट लावली तर रिकामी दिसते. दोन्ही बोर्ड एकाच चिपचे घेतले तर निदान आपसांत अदलाबदल करताना हा घोळ होत नाही.

तुमच्या डिस्क डेस्कटॉपमधल्या आहेत म्हणून एक अडचण टळली आहे. तयार एक्स्टर्नल डिस्क फोडून आतली डिस्क वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की काही मॉडेलमध्ये मूळ बोर्डच डेटा एन्क्रिप्ट करत असतो, पासवर्ड ठेवलेला नसला तरीही. डेटा आधी दुसरीकडे उतरवून मगच डबा फोडावा. २.५ इंचीच्या काही डिस्कवर तर साटा कनेक्टरच नसतो, यूएसबी थेट डिस्कच्या बोर्डावर असतो.

आता खोके. ३.५ इंची डिस्क १४७ मिलिमीटर लांब, १०१.६ रुंद आणि २६.१ उंच. दोन डिस्क आडव्या, एकीवर एक, मध्ये १८ ते २० मिलिमीटर अंतर. खोक्याचे आतले माप २४० लांब, १२० रुंद, १०० उंच घ्या: पुढे १५ मिलिमीटर हवेला, १४७ डिस्कला, मागे कनेक्टर आणि वळणाऱ्या तारांना ४५ ते ५०, आणि पंख्याला २५. डिस्क आडवी, उभी किंवा कडेवर कशीही चालते, फक्त तिरकी आणि हलती ठेवू नये. आत साधी हवा असलेल्या डिस्कच्या पाठीवर श्वास घेण्याचे बारीक भोक असते आणि ‘झाकू नका’ असे लिहिलेले असते. त्यावर फोम, गोंद, लेबल काही येता कामा नये.

डिस्क धरायला २ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या दोन बाजूपट्ट्या, प्रत्येकी १५० × ९५. बाजूची भोके कनेक्टरच्या कडेपासून २८.५ मिलिमीटरवर आणि तिथून पुढे १०१.६ वर येतात. डिस्कच्या तळापासून, म्हणजे हिरव्या बोर्डाच्या बाजूपासून, त्यांची उंची ६.३५. मधल्या भोकाच्या भरवशावर राहू नका, मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कना ते नसते. दोन्ही पट्ट्या क्लॅम्पमध्ये एकत्र धरून एकदमच ड्रिल करा, म्हणजे चुकले तरी दोन्हीकडे सारखे चुकेल आणि डिस्क पिळली जाणार नाही. ३.७ किंवा ४ मिलिमीटरचा बिट वापरा. आधी सेंटर पंचने खूण करा, नाहीतर बिट ॲल्युमिनियमवर घसरतो.

स्क्रूच्या बाबतीत दोन चुका होतात. ३.५ इंचीला ६-३२ हे इंची आटे लागतात, म्हणजे पीसीच्या कॅबिनेटमधले जाड आट्यांचे स्क्रू. बारीक आट्यांचा एम ३ त्या भोकात आत जातो पण धरत नाही, आणि जोराने पिळला तर आटे खातो. (२.५ इंचीला मात्र एम ३ च.) दुसरी चूक लांबीची. बाजूच्या भोकात स्क्रू साडेतीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा स्क्रू, २ मिलिमीटर पत्रा आणि १ मिलिमीटर वॉशर धरला की ३.३५ आत जातो. नेमके बसते. वॉशर विसरला तर ४.३५ आणि ते जास्त आहे.

ड्रिल, कानस, करवत, सगळे काम डिस्क आणि बोर्डांपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत करा. ॲल्युमिनियमचा कीस डोळ्याला दिसत नाही इतका बारीक असतो आणि बोर्डाच्या पिनांमध्ये अडकून शॉर्ट करतो. काम झाल्यावर पट्ट्या साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, कडा बोटाने तपासा.

बाहेरचे कवच कशाचे? फॅब्रिकेशनवाल्याकडून २ मिलिमीटर ॲल्युमिनियम वाकवून घेतले तर उत्तम. उष्णता बाहेर जाते आणि यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाटही अडतो. हा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. त्याने वायरलेस माउस अडखळतो, वायफाय मंदावते, आणि लोक डिस्कला दोष देतात. ९ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि वर सनमायका हेही चालते, दिसतेही छान, आवाजही कमी येतो. लाकूड उष्णता अडवते खरे, पण पंखा चालू असेल तर फरक पडत नाही. फक्त माउसचा डोंगल एक्स्टेन्शनने दूर न्या. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए प्लास्टिक नको. ते ५५ ते ६० अंशांना मऊ पडते आणि स्क्रूच्या ताणाखाली त्याआधीच वाकायला लागते. पीईटीजी घ्या. ॲक्रिलिक कापायला सोपे वाटते पण भोकापाशी तडकते आणि भरपूर स्थिर विद्युत धरते. ते फक्त खिडकीपुरते ठेवा.

किनारपट्टीला, रत्नागिरी-मालवण-गोव्याकडे, सगळे स्क्रू स्टेनलेसचे घ्या. सिलिका जेलच्या पुड्या घालू नका. हवा खेळती असलेल्या डब्यात त्या दोन दिवसांत भरून जातात. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेली डिस्क मात्र तासभर तशीच ठेवून मग सुरू करा.

हवेचे गणित समजून घेतले तर पंख्याचा आवाज निम्म्याने कमी होतो. दोन डिस्कची उष्णता साधारण १५ वॅट. डब्यातली हवा खोलीपेक्षा फक्त ५ अंश गरम राहावी असे वाटत असेल तर मिनिटाला साडेपाच घनफूट हवा पुरते. ९२ मिलिमीटरचा पंखा अगदी संथ फिरला तरी याहून जास्त देतो. म्हणून त्याला १२ व्होल्ट देऊ नका. पंख्यावर ०.१ ते ०.१५ ॲम्पिअर लिहिलेले असेल तर ३९ ओहम १ वॅटचा रेझिस्टर ओळीत घाला, तो ८ व्होल्टच्या आसपास फिरेल. जोडल्यावर हाताने थांबवून सोडा. स्वतःहून पुन्हा सुरू झाला पाहिजे, नाही झाला तर २२ ओहम लावा.

पंखा मागे, हवा बाहेर फेकणारा. त्याची भोके ८२.५ मिलिमीटर अंतरावर असतात. हवा पुढून येऊन दोन्ही डिस्कच्या वरून-खालून जाईल आणि मागचे ब्रिज बोर्डही थंड करील. इथे चूक होते ती पुढच्या भोकांत. ९२ च्या पंख्याची मोकळी वाट सुमारे ५० चौरस सेंटीमीटर असते. ५ मिलिमीटरच्या ड्रिलने तेवढी वाट करायची तर अडीचशे भोके पाडावी लागतील. बहुतेक जण वीस-पंचवीस पाडून थांबतात आणि मग पंखा नुसता घोंगावतो. सरळ छिद्रांचा तयार पत्रा आणा आणि पुढचा अख्खा चेहरा त्याचा करा. आत धुळीसाठी पातळ फोम, महिन्याला झटकायचा. आणि मागे पंख्यावर जाळी नक्की लावा. पाली आणि मुंग्यांना अशा उबदार जागा फार आवडतात.

डिस्कखाली रबर घालावे का, यावर मतभेद आहेत. डिस्क चौकटीला घट्ट आणि रबर डब्याच्या पायांखाली, हे मला योग्य वाटते. मऊ रबरावर सैल बसलेली डिस्क तिचे वाचण्या-लिहिण्याचे हेड हलताना स्वतःच हलते आणि हेडला पुन्हा नेम धरावा लागतो. दोन डिस्कच्या वेगात किंचित फरक असतो, त्यामुळे ‘घूं...घूं’ असा लाटांसारखा आवाज येतो. जड तळ आणि मऊ पाय यांनी तो बराच कमी होतो. टेबल पोकळ पत्र्याचे असेल तर खाली जाड चटई घाला.

बोर्ड तळाला ६ मिलिमीटरच्या नायलॉन खुंट्यांवर बसवा आणि यूएसबीची तार आत एकदा क्लिपने आवळा, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी ती बोर्डाच्या सॉकेटवर येणार नाही. बोर्डाचे सॉकेट तुटणे ही या डब्यांची सर्वांत मोठी दुखापत आहे. स्विच मागच्या बाजूला खोलगट जागी बसवा. कॉपी चालू असताना चुकून हात लागायला नको. यूएसबीची तार १ मीटरपर्यंतच.

डबा बंद केल्यावर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींची, माहिती बघा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स (डिस्कचा प्रकार ‘साट’ असा द्यावा लागतो). जुन्या डिस्कमध्ये ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या (खराब सेक्टरांच्या) नोंदी शून्य हव्यात. १९७ वाढत असेल तर त्या डिस्कवर डबा खर्ची घालू नका. १९९ हा साटा तारेतल्या चुकांचा आकडा आहे. आजचा लिहून ठेवा. पुढे तो वाढला तर एक्स्टेन्शन तार किंवा तिचा जोड दोषी, डिस्क नव्हे. मग लांब चाचणी लावा, ४ टीबीला आठ-दहा तास लागतात. तेवढ्या वेळात तापमानही कळते. खोलीपेक्षा ८ ते १० अंश जास्त म्हणजे उत्तम. १५ च्या वर गेले तर पुढची जाळी किंवा पंख्याची दिशा तपासा. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते, पण ५० च्या आत ठेवा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४२ वर असते, तिथे टेराबाइटांची कॉपी रात्री लावलेली बरी.

चालू झाल्यावर येणाऱ्या तक्रारी ठरावीक आहेत. डिस्क फिरते, टक्‌ करते, थांबते, पुन्हा फिरते: १२ व्होल्ट पडत आहेत, ॲडाप्टर आणि जोड तपासा. लहान फाइली जातात पण मोठी जाताना डिस्क नाहीशी होते: ५ व्होल्ट किंवा यूएसबी तार. लिनक्सवर हेच घडत असेल आणि वीज ठीक असेल, तर त्या चिपसाठी यूएएस (यूएसबी डिस्कसाठीची वेगवान पद्धत) बंद करून साधा यूएसबी स्टोरेज ड्रायव्हर वापरायला लावा. कर्नलच्या बूट ओळीत क्वर्क म्हणून चिपचा व्हेंडर-प्रॉडक्ट क्रमांक देता येतो. वेग जरा कमी होतो, तुटणे थांबते. डिस्क जराही फिरत नाही, आणि ती डेटा सेंटरमधली किंवा एक्स्टर्नल डब्यातून काढलेली आहे: तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की नव्या पद्धतीच्या काही डिस्क मुद्दाम बंद राहतात. पीसीच्या एसएमपीएसची नारिंगी तार त्याला कारण असते. पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची टेप) लावा. वेग ३५ ते ४० एमबीवर अडकला: जोडणी यूएसबी २ वर पडली आहे, तार बदला. पहिले काही जीबी वेगाने लिहून मग रांगायला लागते: डिस्क एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) असू शकते, डब्याचा दोष नाही.

राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर हा डबा लावू नका. ते दोन-तीन ॲम्पिअरच देतात आणि बॅटरी उतरताना दाबही उतरतो. वीज जाणे नित्याचे असेल तर ॲडाप्टर घरच्या इन्व्हर्टरवर घ्या आणि विंडोजमध्ये डिस्कचे धोरण ‘क्विक रिमूव्हल’ ठेवा. बंद करताना आधी सॉफ्टवेअरमधून इजेक्ट, डिस्क थांबल्याचा आवाज आला की स्विच, आणि मगच डबा हलवायचा.